मुलाम्याची ठुशी

माझ्या गळ्यात पडलेला पहिला दागिना सोन्याचा नव्हता, हे मी आयुष्यभर न लाजता सांगत आले. पितळेच्या बारीक मण्यांवर सोन्याचा मुलामा दिलेली ती ठुशी होती, आणि माझ्याआधी ती नाटकातल्या एका राणीच्या गळ्यात होती. ती राणी म्हणजे माझा सख्खा दत्तूमामा.

मामा माझ्या आईच्या पाठचा भाऊ. पोरवयात तो एका नाटक कंपनीत शिरला आणि मिसरूड फुटायच्या आधीपासून ते पार तिशी उलटेपर्यंत त्यानं बायकांचीच कामं केली. आमच्या भागात फिरणाऱ्या कंपन्यांत तेव्हा बायका नसत. नाजूक बांध्याचे, गोड गळ्याचे पुरुषच लुगडं नेसून, अंबाडा घालून उभे राहत आणि गावोगावच्या खऱ्या बायका त्यांच्याकडून लुगड्याची नवी ठेवण शिकून जात. पुढं बोलपट आले. लोणंदला कंपनीचा मुक्काम असताना त्याच बाजारात फिरता सिनेमा आला आणि कंपनीच्या कनातीत खुर्च्या रिकाम्या पडू लागल्या. मालकानं गाशा गुंडाळायचं ठरवलं. ज्यानं त्यानं आपापल्या आवडीचं मागून घेतलं. कुणी बाजाची पेटी नेली, कुणी मखमली अंगरखे, कुणी राजवाड्याचा रंगवलेला पडदाच गुंडाळून खांद्यावर टाकला. मामानं फक्त दागिन्यांची ट्रंक मागितली. ती घेऊन तो सांगलीला आला आणि हळदीच्या एका अडत दुकानात दिवाणजी होऊन बसला.

माझे वडील, आबा, पलटणीत होते. घर कडेगावला, ऊस आणि थोडी जिरायत. आबांना हा मेव्हणा मुळीच खपत नसे. "लुगडं नेसून पोट भरणारा गडी," असं ते चारचौघांत म्हणत, आणि आई खाली मान घालून चुलीतली लाकडं सारखी करी. सांगलीला कामानं गेले तरी आबा मामाच्या घराची पायरी चढत नसत. मामाचं नाव त्यांच्या तोंडून मी कधी ऐकलं नव्हतं. ते नुसतं "तुझा भाऊ" म्हणत. पण युद्ध सुरू झालं, आबांची पलटण साता समुद्रापलीकडं गेली, आणि गावातली मराठी शाळा मी संपवली. आईनं कुणाला न विचारता माझं गाठोडं बांधलं आणि पुढच्या शाळेसाठी मला मामाकडं पोचवलं. माझी आई चार अक्षरंही शिकलेली नव्हती, पण घरात पुरुष नसताना तिनं घेतलेला तो एक निर्णय मला पुढं सातारच्या शाळेत मास्तरीण करून गेला.

मामाचं बिऱ्हाड नदीकडं उतरणाऱ्या एका गल्लीत होतं. दोन खोल्या, मागं मोरी आणि एक पेरूचं झाड. त्या घराला बारा महिने हळदीचा वास. मामा संध्याकाळी दुकानातून आला की त्याचं धोतर, टोपी, कानाच्या पाळ्या, सगळं पिवळं झालेलं असे, आणि मामी त्याला दारातच थांबवून म्हणे, "आवं, हात-पाय धुवून मगच आत या. घराला काय लगीन लागलंय व्हय?" मामी अंगानं धिप्पाड, आवाजानं खणखणीत. तिला मूलबाळ नव्हतं. मला तिनं कधी वाटू दिलं नाही की मी पाहुणी आहे. सकाळी पाट्यावर ती हिरव्या मिरचीचा खरडा रगडायची, तो पाट्याचा घरघराट म्हणजे माझं घड्याळ. भाकरीवर खरडा, त्यावर कच्चं तेल, आणि सुटीच्या दिवशी मोठ्या परातीत लसूण सढळ हातानं घालून कालवलेलं भडंग. मामा खाताना बोलत नसे, गुणगुणत असे. त्याची बोली आमच्यासारखी नव्हती. कंपनीत भाषणं पाठ करून करून त्याची जीभ इतकी शुद्ध झाली होती की अडत दुकानातले हमाल त्याला मागून "बाईसाहेब" म्हणत. त्याच्या कानावर ते जायचं. तो वळून इतकं सुंदर हसायचा की म्हणणाराच ओशाळायचा.

रविवारी दुपारी ट्रंक उघडे. मामी चटई अंथरायची, मामा एका वाडग्यात रिठ्याचं पाणी करायचा आणि जुन्या मलमलीच्या तुकड्यानं एकेक नग पुसायचा. चिंच लावायची नाही, राख लावायची नाही, मुलामा उडतो, हे त्यानं मला पहिल्याच दिवशी बजावलं. ठुशी, चिंचपेटी, मेणाच्या मोत्यांचे सर, लाखेवर पत्रा चढवलेले तोडे, काचेच्या हिरव्या खड्यांचे बाजूबंद. नथ आणि कानातली फुलं सगळी दाबाची, कारण ती घालणाऱ्यांची नाकं-कानं टोचलेली नव्हती. मी हातात धरून डोळ्यांजवळ नेलं की मामा म्हणायचा, "असं नाही बघायचं, इंदू. हा दागिना गॅसबत्तीच्या उजेडात, शेवटच्या बाकावरून बघायचा असतो. लांब जाऊन बस." मी मोरीच्या उंबऱ्यावर जाऊन बसे. मामा ठुशी मामीच्या गळ्याशी धरून तिला दाराच्या उन्हात उभी करी, आणि आमची रांगडी मामी खरंच कुठली तरी महाराणी दिसू लागे. "बास करा आता, भांडी पडल्याती," असं म्हणत ती लाजायची, पण हलायची मात्र नाही.

दागिना घालायचा कसा, हे मी मामाकडून शिकले. मान आधी वळवायची, कानातलं मागून येऊ द्यायचं. हातात तोडे असले की बोटं जमिनीकडं सोडायची नाहीत. गळ्यात ठुशी असेल तर हनुवटी जरा वर, पण इतकीही नाही की गर्व दिसावा. आज सत्तर वर्षांनीही मी आरशासमोर उभी राहिले की मान आधी वळते. माझी नात हसते. ती असलेच मुलाम्याचे दागिने दुकानातून आणते आणि त्यांना काहीतरी फॅशनचं नाव देते. मी तिला सांगते, बाई गं, तुझ्या आजीनं हे सगळं फार आधी केलंय.

मला नाद लागला तो तिथून. वर्षभरात मी स्वतः गोळा करू लागले. गल्लीच्या टोकाला एक म्हातारे कासार होते, बांगड्या भरायचे. युद्धामुळं परदेशी मणी यायचे बंद झाले होते, म्हणून त्यांनी माळ्यावरचे, फॅशन गेलेल्या कानातल्यांचे जुने खोके खाली काढले होते. त्यांतली एकेक जोडी मी त्यांच्या दुकानाचा केर काढून, बांगड्यांची वेष्टनं लावून मिळवली. जत्रेतून खड्यांची फुलं आणली. तुटलेले सर मी पुन्हा ओवायची, मणी कमी पडले की मध्ये रेशमाची गाठ द्यायची. शाळेत मी रोज काहीतरी घालून जाई. एकदा एका सोनाराची मुलगी माझं कानातलं चिमटीत धरून म्हणाली, "खोटं आहे ना गं?" मी म्हणाले, "हो. नाटकातलं आहे." तिचा चेहरा बघण्यासारखा झाला. मधल्या सुटीत तीच माझ्यामागं लागली, एकदा घालायला दे म्हणून. मामानं मला एकच नेम घातला होता. कुणी विचारलं तर सोन्याचं आहे म्हणायचं नाही. "ह्यांनी एवढी वर्षं हजारो माणसांची करमणूक केलीय," तो म्हणायचा, "ह्यांचं नाव लपवायचं कशाला?"

एका सुटीत मामानं मला वाईला नेलं. तिथं त्याचा कंपनीतला सोबती राहत होता, जो नेहमी राजाचं काम करायचा. आता तो घाटाच्या पायऱ्यांजवळ कुंकू-बुक्का, कापूर, वाती विकत बसे. पाठीत वाकलेला, दात पडलेले. माझ्या गळ्यातली ठुशी दिसताच तो चटकन उठला, अंगावरचं उपरणं सारखं केलं आणि भर घाटावर, येणाऱ्याजाणाऱ्यांदेखत, मला मुजरा केला. "महाराणींचं आगमन झालं," असं म्हणाला आणि मग मामाच्या गळ्यात पडून ढसाढसा रडला. निघताना त्यानं घरातून मेणाच्या मोत्यांचा तन्मणी आणून माझ्या हातावर ठेवला. "माझ्या मुलांना ह्यात काय आहे ते कळत नाही. तुला कळतं," एवढंच बोलला. मोटारीत सगळी वाट मी तो तन्मणी मुठीत धरून बसले होते. त्या दिवशी मला पहिल्यांदा वाटलं की मी नुसती नटवी पोर नाही. काहीतरी सांभाळण्याचं काम माझ्याकडं आलेलं आहे.

युद्ध संपलं. आबा सुभेदार होऊन, पेन्शन घेऊन घरी आले. मी सांगलीला मामाकडं आहे हे त्यांना पत्रांतून केव्हाच कळलं होतं, पण लांबून काय करणार? आता त्यांनी निरोप धाडला, पोरीला पाठवून द्या, स्थळ बघितलंय. मी कडेगावला गेले. पाहुणे शेजारच्या गावचे, भरपूर बागायत, स्वतःचं गुऱ्हाळ. मुलगा बरा होता म्हणे, पण बघायला तो येणारच नव्हता. त्याची आई आणि थोरला चुलता येणार होते.

आईनं घर शेणानं सारवून लख्ख केलं. पाहुणे यायच्या आदल्या दुपारी ती एक डबा घेऊन माझ्याजवळ बसली. आत काकीचा सोन्याचा साज होता, शेजारणीच्या पाटल्या आणि आणखी कुणाची तरी बोरमाळ.

"ह्ये उद्या घालायचं," ती हळू आवाजात म्हणाली. "पावणं गेलं की ज्येचं त्येला."

"आई, लोकांचं सोनं घालून बसू? उद्या लगीन झाल्यावर त्येंनी इचारलं, साज कुठं गेला, मग काय सांगायचं?"

"तवाचं तवा बघू. समदी असंच करत्यात, बाय. सोन्याबिगर बसलीस तर तुझ्या आबांची मान खाली जाईल."

रात्रभर तो डबा माझ्या उशाशी होता आणि मला तो बोचत राहिला. खरं सोनं घालून खोटं बोलायचं होतं. आणि माझ्या गाठोड्यात खोटे दागिने होते, जे घालून मी आजवर एकदाही खोटं बोलले नव्हते. मला वाटतं, माझ्या आयुष्यातला सगळ्यांत सोपा निर्णय मी त्या वयात घेतला. सकाळी आई तळणाला बसली होती, काकी पोह्यांत गुंतली होती. मी काकीचा डबा कोनाड्यात परत ठेवला आणि माझी ठुशी, वाईचा तन्मणी आणि कासारांकडची कानातली घातली. हिरवं लुगडं नेसले. हनुवटी मामानं शिकवली होती तेवढीच वर ठेवली.

पाहुणे सोप्यात घोंगडीवर बसले होते. आबांनी त्या दिवशी पलटणीतला कोट घातला होता, छातीवर मेडलांची रांग. मी पाटावर जाऊन बसले आणि दारातून आईनं मला पाहिलं. पण आता तिला काही करता येण्यासारखं नव्हतं. नाव-गाव विचारून झालं, चालून दाखव म्हणाले, चालून दाखवलं. मुलाची आई गोल चेहऱ्याची, शांत बाई होती. ती पुढं सरकली आणि तिनं माझ्या ठुशीला हात लावला.

"घडण लय नामी हाय," ती म्हणाली. "कुठल्या सोनारानं केली गं?"

"सोनारानं न्हाई केली. सोन्याची न्हाईच ती. पितळंवर मुलामा हाय. माझा मामा नाटकात राणीचं काम करायचा, त्येची हाय."

  मग चुलता मोठ्यानं हसला. फेट्याचा शेमला हलेपर्यंत हसला.

"सुभेदार, आवं पोरगी दावताय का बाजार? पितळ घालून बसवली व्हय आमच्या म्होरं? आन् मामा त्यो, लुगडं नेसून नाचणारा? ऐकून हाय आमी. असल्या घरातली पोरगी…"

मी आबांकडं पाहिलं नाही. माझी हिंमतच झाली नाही. मला वाटलं, आता हे उठतील आणि मला फरफटत आत नेतील. ते उठले खरे. सावकाश उठले, कोटाच्या गुंड्या सारख्या केल्या आणि चुलत्यासमोर जाऊन उभे राहिले.

"पावणं," ते म्हणाले, आणि आवाज असा होता जसा ते कवायतीला देत असतील, "ह्ये बघा. ह्ये माझ्या छातीवरचं. ह्येबी पितळच हाय. सरकारनं दिलंय. आजवर कुणी मला इचारलं न्हाई, किती तोळ्याचं म्हनून."

चुलत्याचं हसू तोंडातच राहिलं.

"आन् लुगडं नेसनारा म्हनताय त्यो दत्तोबा, माझा मेव्हणा हाय. मी पाच वरसं घरात नव्हतो. पोरीला त्येनं सांबाळलं, शिकीवलं. आताच बघितलंसा न्हवं, कशी शिकीवलीय? खोटं बोलली न्हाई ती."

त्यांच्या तोंडून 'दत्तोबा' हे नाव मी त्या दिवशी पहिल्यांदा ऐकलं. आईनंही. 

पाहुणे उठले. चुलता जोड्यांत पाय घालू लागला. मुलाची आई मात्र उंबऱ्यात थांबली, मागं वळली आणि माझ्याकडं बघून म्हणाली, "पोरी, ठुशी खरंच लय झ्याक दिसती तुला." आणि पदर सावरून निघून गेली. पुढं मला बरीच स्थळं आली, आणि शेवटी सातारच्या एका मास्तरांशी माझं लग्न झालं. त्यांना मी पहिल्याच भेटीत सगळं सांगितलं होतं. पण त्या बाईची मला अजून आठवण येते. तिच्या घरात सून म्हणून गेले असते तर आमचं बरं जमलं असतं, असं मला उगीचच वाटतं.

पाहुणे गेल्यावर आई पुष्कळ रडली. काकीनं आपला साज उचलून नेला. आबा दिवसभर मळ्यात होते. मला वाटलं, लोकांपुढं घराची बाजू राखली, आता खरा राग निघेल. पण दुसऱ्या दिवशी सकाळी ते म्हणाले, "गाठुडं बांध. शाळा बुडती तुझी." आणि सर्व्हिस मोटारीत ते स्वतः माझ्या शेजारी बसले.  वाटेत विट्याला त्यांनी मला शेंगदाण्याची पुडी घेऊन दिली, एवढंच.

सांगलीला उतरल्यावर मला वाटलं, गल्लीच्या तोंडाशी थांबतील. ते थांबले नाहीत. मामीनं त्यांना पायरीवर पाहिलं. "अगं बाई, दाजी आल्यात!" ती गल्लीभर ऐकू जाईल अशी ओरडली, जणू घराला आग लागलीय. तेवढ्यात मामा दुकानातून आला, नेहमीसारखा पिवळाधमक. आबांना चटईवर बसलेलं पाहून तो दारातच खिळला. त्या माणसानं भरल्या कनातीसमोर राण्या उभ्या केल्या होत्या, पण आपल्याच घरात पाऊल टाकायला त्या दिवशी तो घाबरला.

"ये, बस की," आबा म्हणाले. "तुजंच घर हाय."

मामीनं घाईघाईनं कोंबडी आणवली. तिनं केलेला तो तांबडाजर्द रस्सा आणि गरम भाकरी आबा घाम पुसत, मागून घेत जेवले. जेवताना त्यांनी मामाला विचारलं, पोरीची शाळा अजून किती आहे, पुढं मास्तरीण व्हायचं तर काय करावं लागतं. मामा आपल्या शुद्ध भाषेत सांगत होता आणि आबा लक्ष देऊन ऐकत होते. कडेगावला काय घडलं ते कुणीच काढलं नाही. मी दोनदा सांगायला तोंड उघडलं, आबांनी दोन्ही वेळा भाकरी मागितली.

हात धुवून झाल्यावर दिवेलागणीच्या सुमारास आबांनी पान खाल्लं, भिंतीला टेकले आणि म्हणाले, "दत्तोबा, एक ऐकिव की."

"काय ऐकवू, दाजी?"

"त्येच. नाटकातलं. राणीचं."

मामानं आधी मामीकडं पाहिलं, मग माझ्याकडं. पेटी नव्हती, तबला नव्हता. तो जमिनीवर मांडी घालून बसला, घसा खाकरला आणि राणीच्या शेवटच्या प्रवेशातलं पद सुरू केलं. अंगावर एकही दागिना नाही, टोपीवर हळद, हनुवटीवर दोन दिवसांची दाढी. पण दुसऱ्या ओळीला त्याची मान वळली आणि आमच्यासमोर राणी बसली होती. शेजारपाजारच्या बायका दारात येऊन उभ्या राहिल्या. आबांनी डोळे मिटले होते. पलटणीत परेडला सलाम ठोकायचा तो हात मांडीवर हलकेच ताल धरत होता.

पद संपलं.  मामा खाली बघत बसला, कंपनी मोडल्यापासून त्याला कुणी गायला लावलं नव्हतं. मग माझ्या आबांनी डोळे उघडले, सरळ बसले, आणि पलटणीतल्या खड्या आवाजात, गल्लीच्या टोकापर्यंत जाईल असं म्हणाले,

"वन्स मोअर!"